कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकच पेशी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडईतून आईबरोबर घरी येत होते. पिशव्या माझ्या हातात, ती दोन पावलं पुढे. कोथिंबीरवालीला ओलांडून पंधरा-वीस पावलं झाली असतील, तेव्हा माझं लक्ष गेलं, तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती.

"आई, चप्पल कुठाय तुझी?"

"पायातच तर आहे," ती म्हणाली आणि खाली बघून थबकली. चप्पल मागे केळीच्या गाडीपाशी उपडी पडली होती. एप्रिलचं ऊन, तापलेलं डांबर, आणि तेवढं अंतर ती अनवाणी चालून आली होती. चप्पल निसटल्याचं तिला कळलं नव्हतं आणि चटकाही जाणवला नव्हता.

आईला मधुमेह होऊन सतरा वर्षं झाली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चेतापेशीची, म्हणजे शरीरातले संदेश वाहणाऱ्या पेशीची, आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की हात आपोआप चालतो: चांदणीसारखी पेशीकाय म्हणजे पेशीचं मुख्य अंग, तिला फुटलेल्या वृक्षिका म्हणजे आखूड फांद्या, खाली लोंबणारा अक्षतंतू म्हणजे लांब दोरा, त्यावर मायलिन या स्निग्ध आवरणाचे मणी आणि शेवटी शेपटाला फुटलेले फाटे. त्या संध्याकाळी आईच्या तळपायाला मलम लावताना ती आकृती डोळ्यांपुढे आली आणि तिच्यात काय राहून जातं ते उमगलं. आकृतीत अंतरच दिसत नाही. आईच्या पायाला जे झालं होतं, ते मात्र सगळं अंतरामुळेच झालं होतं.

खरं माप काय आहे ते आधी बघू. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श ज्या चेतापेशीला कळतो, तिची पेशीकाय कमरेच्या मणक्याच्या अगदी बाजूला, एका छोट्या गाठीत असते. तिचा व्यास धरू मिलिमीटरचा विसावा भाग. तिथून निघालेला तंतू मांडी, पोटरी, घोटा करत अंगठ्यापर्यंत येतो. ही लांबी साधारण एक मीटर. जाडी धरू मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. आता हे सगळं हजारपट मोठं करा. पेशीकाय होईल मोतीचुराच्या लाडवाएवढी आणि तिला जोडलेला बोटाएवढा जाड दोर होईल एक किलोमीटर लांब. लाडू एसटी स्टँडवर ठेवला, तर दोराचं दुसरं टोक गाठायला दहा-बारा मिनिटं चालावं लागेल. शिवाय याच पेशीची दुसरी शाखा मेरुरज्जूतून, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतादोरीतून, वर चढते आणि मेंदूच्या तळाशी जाऊन थांबते. अंगठ्यापासून मानेच्या वरपर्यंत मध्ये कुठेही सांधा नाही, सगळी मिळून एकच पेशी.

दोराचं आकारमान काढलं तर ते लाडवाच्या हजारपटीहून जास्त भरतं, आणि या अवाढव्य पसाऱ्याला पोसायचं काम त्या लाडवाचं. पेशीचं केंद्रक तिथे असतं, प्रथिनं बनवायची जवळजवळ सगळी यंत्रणाही तिथेच. अक्षतंतूच्या टोकाशी जे जे लागतं, त्यातलं बहुतेक सगळं कमरेपाशी तयार होऊन मीटरभर प्रवास करून येतं.

हा प्रवास कसा होतो, हे मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते. अक्षतंतूच्या पोकळीत लांबच्या लांब सूक्ष्मनलिका असतात, प्रथिनांच्या बनलेल्या. रेल्वेच्या रुळांसारख्या त्या तंतूभर अंथरलेल्या असतात. त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन चालतं. 'चालतं' हा शब्द मी अगदी शब्दशः वापरते आहे. त्याला पायांसारखे दोन भाग असतात. एक रुळावर घट्ट टेकलेला, तोवर दुसरा सुटून पुढे पडतो, मग तो टेकतो आणि मागचा सुटतो. पाठीवर ओझं: कधी रसायनांनी भरलेली पिशवी, कधी अख्खी तंतुकणिका, म्हणजे पेशीचं छोटं वीजघर. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर या पावलांनी मोजलं तर साडेबारा कोटी पावलं होतात. एकच कायनेसिन एवढं सगळं अंतर तोडत नाही. काही पावलांनी तो सुटतो, दुसरे येऊन लागतात. पण ओझं पुढे सरकत राहतं. वेगवान माल दिवसाला साधारण 20 ते 40 सेंटिमीटर जातो, म्हणजे अंगठ्याला पोहोचायला अडीच ते पाच दिवस. पेशीच्या सांगाड्याची काही प्रथिनं मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर सरकतात. आज कमरेत तयार झालेलं असं प्रथिन अंगठ्यापर्यंत यायला तीन वर्षांच्या आसपास लागतात.

आता आईच्या पायाकडे परत येऊ. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की चेतातंतूंना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या खराब होतात, तंतुकणिकांकडून ऊर्जा कमी मिळते, वाहतूक रोडावते. कारणं अनेक आणि एकमेकांत गुंतलेली, पण परिणाम ठरलेला. ज्याचा रस्ता सर्वांत लांब, त्याचं टोक आधी उपाशी. म्हणून बधिरपणा अंगठ्यापासून सुरू होतो आणि पायमोजा चढवावा तसा दोन्ही पायांवर सारखाच वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास आला की हाताची बोटं बधिर व्हायला लागतात. हात आणि पाय यांचा इथे काय संबंध, असं वाटेल. संबंध लांबीचा आहे: गुडघ्यापर्यंतचा तंतू आणि हाताच्या बोटांपर्यंतचा तंतू लांबीला जवळपास सारखेच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी टेपने स्वतःचा हात मोजून बघितला होता. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध याच सूक्ष्मनलिकांना जाऊन चिकटतं, आणि ते घेणाऱ्या रुग्णांच्याही हातापायांच्या टोकांना मुंग्या येतात.

या रस्त्यावर उलट दिशेनेही वाहतूक चालते. डायनीन नावाचं दुसरं प्रथिन टोकाकडचा वापरलेला माल आणि निरोप घेऊन पेशीकायेकडे येतं. रेबीजचा विषाणू नेमका याच परतीच्या वाहतुकीत घुसतो. पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं, तर विषाणू तिथल्या चेतातंतूच्या टोकात शिरतो आणि आतल्या आत मेरुरज्जूकडे, तिथून मेंदूकडे निघतो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते महिने जातात, आणि चेहऱ्यावरचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण तिथून मेंदू जवळ. मधल्या काळात लस आपलं काम करते. एकदा लक्षणं दिसली की मात्र माणूस वाचणं जवळपास अशक्य. चावा बसल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायला सांगतात, ते विषाणू तंतूत शिरायच्या आधीच त्याला गाठण्यासाठी. चुना-हळद लावत बसण्यात हाच मोलाचा वेळ जातो.

मालाची वाहतूक ही अशी, दिवसांत मोजायची. निरोपाचं तसं चालणार नाही. काटा टोचला तर ते पाच दिवसांनी कळून काय उपयोग? त्यासाठी वेगळी युक्ती आहे, आणि ती पेशीच्या आत नसून तिच्या पातळ पडद्यावर चालते.

पडद्याच्या बाहेर सोडिअमची गर्दी, आत पोटॅशिअमची. ही विषमता आपोआप टिकत नाही. पडद्यात बसवलेले पंप सतत तीन सोडिअम आयन बाहेर फेकतात आणि दोन पोटॅशिअम आयन आत घेतात. आपला मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा खातो 20 टक्के. त्यातला मोठा वाटा ही विषमता राखण्यावर जातो. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. धनुष्याची दोरी ताणून ठेवावी, तशी पेशी ताणलेली असते. टोकाला पुरेसा धक्का बसला की तिथली सोडिअमची दारं उघडतात, सोडिअम आत घुसतं आणि क्षणभर आतली बाजू धन होते. त्या बदलाने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची.

लवंगी फटाक्यांची माळ आठवा. पहिल्या फटाक्याने दुसरा पेटतो, पण दुसरा उडतो तो स्वतःच्या दारूवर. म्हणून शेवटचा फटाका पहिल्याइतकाच जोरात वाजतो. अक्षतंतूतला संदेशही असाच, मीटरभर जाऊन जराही विरत नाही. उडला तर पूर्ण, नाही तर अजिबात नाही. हळू टोचलं काय आणि जोरात टोचलं काय, प्रत्येक ठिणगी सारखीच; जोर कळतो तो सेकंदाला किती ठिणग्या आल्या यावरून. आणि ही माळ उडून संपत नाही. एक-दोन मिलिसेकंदांत ती पुन्हा भरलेली असते.

हे गणित उलगडलं ते माकुलामुळे, म्हणजे स्क्विडमुळे. कोकणच्या बाजारात मिळतो त्याच कुळातल्या या जीवाच्या अंगात एक अक्षतंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा. 1939 साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्याच्या आत बारीक विद्युतअग्र सरकवून थेट आतला विद्युतदाब मोजला. युद्धामुळे काम थांबलं, पुढे 1952 मध्ये त्यांनी संदेशाचं पूर्ण गणित मांडलं आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सोडिअमची दारं बंद केली तर काय होतं, ते दाढ काढताना आपण सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. लिग्नोकेनचं इंजेक्शन तेच करतं. आणि दारं उघडीच राहिली तर? लाल विंचवाचं विष ती नीट मिटू देत नाही. चेतातंतू न थांबता उडत राहतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे असे रुग्ण वर्षानुवर्षं रात्र-रात्र बसून पाहिले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध वापरून हे वादळ शमवता येतं हे दाखवून दिलं. कोकणातल्या कितीतरी घरांत आज मुलं हिंडताफिरताना दिसतात ती या कामामुळे.

माळेतला प्रत्येक फटाका उडवत जायचं म्हणजे वेळ लागतो. वेग वाढवायचे दोन उपाय आहेत. एक, तंतू जाड करायचा, माकुलासारखा. पण आपल्या पायाकडे हजारो तंतू जातात, ते सगळे इतके जाड असते तर मांडीत दुसरं काही मावलंच नसतं. दुसरा उपाय म्हणजे मायलिन. श्वान पेशी (श्वान हे एका शास्त्रज्ञाचं नाव) अक्षतंतूभोवती स्वतःला गुंडाळत जातात, जाड तंतूवर तर शंभरभर वेढे. आडवा छेद बाकरवडीसारखा दिसतो, मधोमध अक्षतंतू आणि भोवती स्निग्ध पदार्थाचे थरावर थर. एक श्वान पेशी साधारण मिलिमीटरभर लांबीचा तुकडा झाकते, मग हजारांश मिलिमीटरची उघडी फट, मग पुढची पेशी. या फटींना रॅनव्हिएच्या गाठी म्हणतात आणि सोडिअमची दारं तिथेच दाटीने बसवलेली असतात. झाकलेल्या भागात संदेश अडखळत नाही, तो गाठीवरून गाठीवर जातो. असा जाड, मायलिनवाला तंतू सेकंदाला 100 मीटरपर्यंत वेग गाठतो. बिनमायलिनचा बारीक तंतू सेकंदाला मीटरभर.

हा फरक तुम्हाला अंगठ्यावर अनुभवता येतो. अंधारात उंबरठ्याला ठेच लागली की क्रम आठवून बघा. आधी नुसतं 'लागलं' एवढं कळतं. लगेच एक तीक्ष्ण कळ. आणि मग, एक श्वास घेण्याइतक्या उशिराने, पोटात कालवणारी ती संथ, पसरणारी वेदना. ठेच एकच, पण बातमी तीन प्रकारच्या तंतूंवरून निघाली. स्पर्शाचे जाड मायलिनवाले तंतू सर्वांत आधी पोहोचले, तीक्ष्ण कळ बारीक मायलिनवाल्यांनी आणली, आणि तिसरी चालत आली, मीटरभर रस्ता, सेकंदाला मीटर. "आई गं" म्हणेपर्यंत आपण खरं तर तिची वाटच बघत असतो.

कुष्ठरोगाचा जीवाणू घर करतो तो याच श्वान पेशींत. 1873 साली नॉर्वेत हान्सेन यांना तो दिसला. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून कातडीच्या लगत असलेल्या नसा आधी सापडतात. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ती नस त्यातलीच. या रोगात बोटं झडतात असं लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. बोटं झडत नाहीत. वेदनेची बातमी येत नाही, म्हणून तव्याचा चटका कळत नाही, काचेचा तुकडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि बोट हळूहळू खुरटत जातं. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात जी माणसं आली, त्यांना घरादाराने टाकलं ते अशाच गैरसमजांपायी. आज बहुऔषधी उपचारांनी सहा महिने ते वर्षभरात हा रोग बरा होतो. उपचार वेळेत सुरू झाले तर नसाही वाचतात.

संदेश तंतूच्या टोकाला पोहोचला की पुढे काय, यावरून एकेकाळी मोठा वाद होता. इटलीचे कामिलो गॉल्जी यांनी 1873 मध्येच चांदीच्या क्षाराने मोजक्या चेतापेशी काळ्याकुट्ट रंगवायची पद्धत शोधली. तिच्यामुळे पेशी पहिल्यांदाच सगळ्या फांद्यांसकट दिसली. गॉल्जींच्या मते हे सगळं एकच अखंड जाळं होतं. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत वापरून सांगितलं की नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे. 1906 चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि गॉल्जी यांनी स्वीकाराच्या भाषणातही काहालांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. खरे ठरले काहाल. दोन पेशींमध्ये फट असते, साधारण 20 नॅनोमीटरची. फटाक्याची माळ तिथे संपते. टोकाशी कॅल्शिअम आत शिरतं, रसायनाच्या इवल्या पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडून पलीकडच्या ग्राहींवर, म्हणजे ते झेलणाऱ्या प्रथिनांवर, बसतं आणि पलीकडे नवा संदेश सुरू होतो, किंवा दाबला जातो.

पलीकडची पेशी सहसा आपल्या वृक्षिकांवर असे हजारो संदेश एकाच वेळी झेलत असते. 'हो' म्हणणारे, 'नको' म्हणणारे. त्यांची गोळाबेरीज अक्षतंतू जिथून निघतो त्या बुडख्याशी होते आणि तिथे ठरतं, ठिणगी सोडायची की नाही. लहान मेंदूतल्या पुरकिन्ये पेशीवर तर लाखाहून जास्त जोडण्या असतात. सगळ्या प्रकारच्या मिळून सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आपल्या मेंदूत आहेत.

चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधली फट जरा रुंद असते आणि तिथलं रसायन ॲसिटिलकोलिन. या फटीला दोन काठ आहेत हे आपल्याकडच्या सापांच्या दंशात फार कठोरपणे दिसतं. नागाचं विष पलीकडच्या काठावर, स्नायूच्या ग्राहींवर जाऊन बसतं. पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. इथे प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन देऊन ॲसिटिलकोलिनचा साठा वाढवला तर ते विषाशी झुंजून जागा परत मिळवू शकतं. मण्यार मात्र रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, बऱ्याचदा दंश झाल्याचंही कळत नाही. त्याच्या विषातला एक घटक अलीकडच्या काठावर, तंतूच्या टोकावरच हल्ला करून ते टोकच उद्ध्वस्त करतो. एकदा ते झालं की प्रतिविष ते परत बांधू शकत नाही. रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवून, नवं टोक तयार होईपर्यंत कित्येक दिवस वाट बघावी लागते. म्हणूनच मण्यारीच्या दंशात वेळ घालवायचा नाही, टोक शाबूत असतानाच प्रतिविष मिळायला हवं, आणि तेही पोटरीत किंवा दंडात टोचून नाही, तर रुग्णालयातच, थेट शिरेतून.

काम झालं की ॲसिटिलकोलिन लगेच मोडावं लागतं, नाही तर स्नायू थरथरत राहतील. ते मोडणारं विकर, म्हणजे रसायनं मोडण्या-जोडण्याचं काम करणारं प्रथिन, फटीतच असतं. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं ते विकरच निकामी करतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे जीव गेले. घाम, लाळ, आकसलेल्या बाहुल्या, मग श्वास कोंडणं: या वर्गातल्या विषाची ही लक्षणं एका अदृश्य फटीत साचलेल्या रसायनाची आहेत. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली असताना, मास्क आणि हातमोज्यांशिवाय माणसाला त्यात फवारायला पाठवणं म्हणजे काय, हे मी वर्गात दरवर्षी सांगते.

मंडईतल्या त्या प्रसंगानंतर आठवड्याने आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितलं, ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटून तिच्या डाव्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "थरथर जाणवतेय का?"

"तुम्ही अजून लावलंच नाहीये," आई म्हणाली.

त्यांनी तो पुन्हा आपटून घोट्यावर ठेवला. ती गप्प. मग नडगीवर, थोडं वर, आणखी थोडं वर. "हं, इथे आहे," ती म्हणाली आणि डोळे उघडून हसली. डॉक्टरांनी त्या जागी बॉलपेनने बारीक रेघ ओढली, दुसऱ्या पायावरही, आणि घोट्यापासूनचं अंतर फाइलमध्ये लिहिलं. डावा पाय चार बोटं, उजवा चार बोटं.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ती रेघ मोजली जाते. साखर आता आटोक्यात आहे. रात्री झोपायच्या आधी मी जमिनीवर आरसा ठेवते, आई त्यावर पाय धरते आणि आम्ही दोघी तळवा बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. मागच्या भेटीतही रेघ चार बोटांवरच होती.